टोपड्याचे बंद

नातीचं टोपडं अजून माझ्या पेटीत आहे, बंद कापलेलं. ते हातात घेतलं की वाटतं, त्या दिवशी माझ्यासारखीच्या तोंडून खरं वदवलं कोणी?

माझ्या लेकीचे कान टोचले तेव्हा सासूबाईंनी तिला मांडीवर धरलं होतं. तोंडात गुळाचा खडा, सोनाराचा हात, मग तेलात कालवलेली हळद. लेक लगेच हसायला लागली. मी मात्र आतल्या खोलीत कान झाकून बसले होते. म्हणून नातीच्या वेळी शहाणपण केलं. माझ्या हाताची गाठ काढताना आणलेल्या बधिर करायच्या मलमाची ट्यूब उरली होती. भडगावहून धुळ्याला एकवीरेपाशी कान टोचायला निघताना, कुणाला न सांगता, पाच महिन्यांच्या पोरीच्या कानांना ते जाड थापलं. पुसलं जाऊ नये म्हणून वर टोपडं बांधलं. वाटभर ती बंद चघळत होती. दात येत असतील, असं मला वाटलं.

एकवीरेच्या देवळापाशी उतरलो तर पोर मलूल, ओठ निळेकाळे. लेक रडायला लागली. कुणी गारठा म्हणालं, कुणी दृष्ट. मला आतून कळलं होतं, पण जावयांसमोर मी कधी मान वर केली नव्हती. नुसती कळसाकडे बघत राहिले. तेवढ्यात ओटीचं सामान विकणारी म्हातारी उठून आली. तिने ओला बंद बोटांत धरला.

"अक्का, या बंदले पांढरं काय लायेल शे?"

पावडर म्हणता आलं असतं. जीभ तशी वळलीही होती.

"मलम आहे, बधिर करायचं," मी म्हणाले. "मीच लावलं."

जावयांनी रिक्षा थांबवली. ट्यूब माझ्या पिशवीतच होती. दवाखान्यात आधी बंद कापून टोपडं काढलं, कान पुसले, ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध दिलं. अशा मलमाने तान्ह्या बाळाचं रक्त बिघडतं, डॉक्टर म्हणाले. काय लावलं ते कळलं म्हणून वेळ गेला नाही. दुपार कलताना ओठ गुलाबी झाले. लेक माझ्याशी बोलेना, तरी पोर तिने माझ्याच मांडीवर दिली.

वर्षाने म्हातारीला लुगडं नेलं. तिला काहीच आठवत नव्हतं. "मी इचारं व्हई," विचारलं असेल, एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी नातीचे कान टोचले, गुळाचा खडा देऊन. ती कळवळून रडली. तिच्या वाट्याचं दुखणं पुसून टाकायला निघाले होते मी. ते माझ्या हातातलं नव्हतं. देवीने राखलेलं ते रडणं मी कान न झाकता शेवटपर्यंत ऐकलं.