संगमरवरावरची पाच बोटं

“आयोडीन! एवढा एकच शब्द बोलायचाय, वासंतीताई. सैनिकांच्या इस्पितळाच्या काळातला डाग. हिस्टॉरिकल!”

“हळद आहे ती, शिरीष. आणि माझी आहे.”

“हे त्या वारसा समितीच्या बाईंसमोर बोललात, तर आधी माझी मॅनेजरी जाईल, मग तुमची नोकरी.”

“आणि गप्प बसले, तर माझा हात कुठल्यातरी मेलेल्या गोऱ्या टॉमी सोल्जरचा होईल!”

भांडण चाललं होतं थॉर्नबी हॉलच्या दिवाणखान्यात, पांढऱ्याशुभ्र संगमरवरी फायरप्लेससमोर. न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेच्या कांद्याच्या शेतांत हे विलायती धूड उभं केलं ते मेंढ्यांवर गबर झालेल्या एका इंग्रजाने. त्याला म्हणे घरची फार आठवण यायची. आपल्याला आठवण आली की आपण पिठलं करतो. याने बावीस खोल्या बांधल्या. पुढे त्याच खोल्यांत जखमी सैनिक कण्हले, मग वसतिगृहाच्या मुली खिडक्यांतून पळाल्या, मग रेस्ट होम झालं. २०११ साली केअरगिव्हिंगचा कोर्स संपवून वासंती इथे लागली ती म्हाताऱ्यांच्या कवळ्या धुवायला. रेस्ट होम बंद पडून वेडिंग व्हेन्यू झाला. म्हातारे गेले, नवऱ्या आल्या, वासंती तीच. आता शॅम्पेनचे ग्लास धुवायची, एवढाच फरक.

खंडेनवमीला तिने व्हॅक्यूम क्लीनर आणि इस्त्री इथेच मांडून हळदकुंकू वाहिलं. उठताना गुडघ्याने दगा दिला आणि ओल्या हळदीचा पंजा सरळ फायरप्लेसवर. बेकिंग सोडा झाला, शिरीषच्या शिव्या झाल्या. डाग हलेना.

“किया ओरा!” असा माओरी नमस्कार करत समितीची जेनी आत आली. तिची नजर डागाकडे जायच्या आत शिरीषने तिला आयोडीन पाजलं. “सैनिकांचं ड्रेसिंग इथेच व्हायचं.”

जेनीचे डोळे भरून आले. “इथे पाटी लावू या. अनामिक सैनिकाचा हात!”

पाटी! त्या इंग्रजाचं नाव जिन्यावर कोरलेलं होतं, सैनिकांची दारावर, मुलींनी तर कपाटांत आतून खरडून ठेवली होती. वासंतीचं नाव फक्त ड्युटीच्या रोस्टरवर, तेही पुसता येणाऱ्या पेनने.

तिने फडकं खांद्यावर टाकलं, पुढे झाली आणि पंजा डागावर टेकवला. करंगळीसकट चपखल बसला.

“हळद,” ती जेनीला म्हणाली. “गेल्या आठवड्यातली. गुडघा दुखतो माझा.”

जेनीने एकदा पंजाकडे पाहिलं, एकदा वासंतीकडे. मग सावकाश वळली.

“शिरीष, आयोडीनचं काय म्हणत होतास?”

शिरीषने टाय सैल केला, कुंकू लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरला वळसा घातला आणि बाहेर चालता झाला.