समोरची खोली

गिरणी कामगारांच्या त्या दोन जुन्या इमारती पाडायच्या नाहीत, नीट दुरुस्त करून त्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांना परत द्यायच्या, असं ठरलं. एवढं शहाणपण कुणाला सुचलं याचंच लोकांना नवल वाटलं. तिथे राहणाऱ्या मावशीला मात्र नुसती खोली नको होती. तिला खिडकीसमोर आपली जाऊ हवी होती.

दोघींचा जन्म गिरणीत, कापडाच्या मागावर गेला. तिथल्या खडखडाटात बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि ओठ पाहून ऐकायच्या. कान त्या खडखडाटानं खाल्ले, ओठांची बोली तेवढी राहिली. पुढे सासूच्या शेवटच्या दुखण्यात कोणी जास्त केलं, यावरून दोघींचं वाजलं. "तुझा उंबरा ओलांडणार नाही," अशी शपथ दोघींनी घेतली आणि पाळलीही. पण अंगणापलीकडून, या खिडकीतून त्या खिडकीत, बिनआवाजाचं भांडण रोज चालायचं. नवरे गेल्यावर दोघींना बोलायला दुसरं होतं तरी कोण?

दुरुस्तीच्या काळात एकीची सोय शहराच्या या टोकाला झाली, दुसरीची त्या टोकाला. जाऊ भिंतीकडे तोंड करून बसू लागली. जेवणावरची तिची वासना उडाली. तिचा भाचा तिला वृद्धाश्रमात ठेवायच्या गोष्टी काढतोय, हेही मावशीला कळलं.

परत आल्या, तर इंजिनीअर बाईंनी मोठ्या कौतुकानं दोघींना तळमजल्यावर शेजारशेजारच्या खोल्या दिलेल्या! मावशीनं कपाळाला हात लावला. भिंतीतून ओठ दिसतात होय?

"मला समोरच्या इमारतीतली द्या."

"तिथं वरच्या मजल्यावरचीच उरलीय, मावशी," बाई सावकाश ओठ हलवत म्हणाल्या. "तुमचे गुडघे बघा. जाऊबाईंशी भांडण झालंय का?"

"झालंय ना! तोंड दिसल्याशिवाय ते पुढे कसं न्यायचं?"

"मग त्यांच्या घरी जाऊन बसा की."

"तेवढं सोडून बोला."

मावशी हट्टाला पेटली. कठडा धरून, पायरीपायरीला गुडघ्यांना शिव्या घालत वर पोचली आणि खिडकी उघडली. समोर खाली जाऊ पाठमोरी, भिंतीकडे तोंड करून. मावशीनं ताटलीवर ऊन घेतलं आणि त्या भिंतीवर नाचवलं.

जाऊ वळली. बघतच राहिली. मग तिचे ओठ हलले, आधी अडखळत, मग नेहमीच्या तिखटपणानं.

"मेले, जिना चढलीस? पाय मोडून घ्यायचेत? खाली ये. माझ्याकडे ये."

"आणि शपथ, जाऊबाई?"

"उंबऱ्याची होती ना? म्हाताऱ्यांना ठेच लागते म्हणून या लोकांनी उंबरेच काढून टाकलेत. ये आता."

मावशीला शब्द न् शब्द कळला. डोळे भरून आले. तरी तिनं कानामागे हात धरला आणि ओठ हलवले,

"काय? कळलं नाही. पुन्हा बोल."