वाकलेल्या दोन पिना

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय.

नजरबाद मोहल्ल्यात राहणारे आमचे काका निवृत्त मास्तर. जुना प्रिंटर कॉम्प्युटरला जोडून द्यायला त्यांनी मला बोलावलं. "इंजिनियर तू, तुला काय अवघड!"

पॅरलल पोर्टची ती रुंद केबल मी उलटी धरली आणि बसेना म्हणून जोरात दाबली. दोन पिना वाकल्या. काकांना मात्र म्हणालो, "प्रिंटरच गेलाय."

"बिडु रे," काका कानडीत म्हणाले, "राहू दे. उगाच तुझा रविवार घालवला मी."

निघताना पाहिलं, तर काका कार्बन पेपर लावून शिकवणीच्या मुलांचा उद्याचा पेपर हाताने लिहायला बसले होते.

इथे तुम्हा सगळ्यांना सांगून टाकलं. काकांना एक फोन करायचा धीर का होत नाही?