कान दाखवायला खामगावला

दोन वर्षांपासून माझ्या कानांतून अक्षरं गळू लागली आहेत. आधी स गेला, मग श, मग च. माणूस बोलतो आहे हे कळतं, पण बोलणं येतं ते कापूस वेचून नेलेल्या पऱ्हाटीसारखं, नुसत्या काड्या.

आमच्या गावी माघात सप्ताह बसतो. मी मराठी चौथी शिकलेला, म्हणून पोथी मी वाचतो. समोर बसून किसनबुवा अर्थ सांगतो. त्याला अक्षरओळख नाही, पण मी ‘डोळा’ वाचला की तो ‘डोया’ म्हणतो आणि तेव्हा कुठे मंडळींच्या माना हलतात. त्याचा अर्थ पुरा झाल्याशिवाय पुढची ओवी घ्यायची नाही, ही रीत. गेल्या वर्षीच्या सप्ताहात मी पुन्हा पुन्हा त्याच्या बोलण्यात ओवी घातली. लोक हसले. किसन हसला नाही, तेच मला जास्त लागलं. या वर्षी पोथी दुसऱ्याकडे द्यावी अशी गावात कुजबुज आहे, असं घरचीनं कानाशी ओरडून सांगितलं. कुजबुज मला कुठून ऐकू येणार!

म्हणून पौषात खामगावला जायचं ठरवलं. तिथं कान पाहणारा डॉक्टर आहे आणि माझी धाकटी बहीण सरूही राहते.

माझ्यासारखं कोणाला जायचं असेल तर सांगतो. मेहकरहून सकाळची मोटार धरावी. बालाजीला नमस्कार करून उजाडायच्या आत अड्ड्यावर जावं. मी फार आधी गेलो आणि मोटार निघून गेली की काय, या काळजीत थंडीत कुडकुडत बसलो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, सध्या मोटारी कोळशावर चालतात, म्हणून पांढरं धोतर नेसू नये. घोंगडी आणि बांधलेली भाकरी सोबत ठेवावी. चिखलीला गाडी बदलावी लागते. तिथं उतारूंना विचारून घ्यावं; मी तिघांना विचारलं, तरी धीर नव्हता.

चिखलीच्या पुढे मोटार तापली. क्लीनर डबा घेऊन उतरला. “पानी पाह्यजे, पानी!”

माझ्या शेजारी पुण्याकडचे एक कारकून होते. ते त्याला म्हणाले, “पाणी म्हण रे, पाणी. जीभ वर उचल.”

“जीभ उचलून इंजिन थंडं होते काय, साहेब?”

सगळी गाडी हसली. क्लीनर ओरडून बोलत होता, म्हणून मला कळलं. कारकुनांचं बोलणं मागच्या बाकावरच्या एका अत्तरवाल्यानं मला कानाशी पुन्हा सांगितलं. मला फक्त त्यांची टाळूला लागलेली जीभ दिसली होती.

घाट उतरताना मी डोळे मिटले. खामगाव आलं ते सरकीच्या वासावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तेलंगणाकडचा, तरुण. त्यानं खिशातलं घड्याळ कानाशी धरलं. मला टिकटिक आली नाही. दुसऱ्या कानालाही आली नाही. पण डॉक्टर जे बोलला ते सगळं ऐकू आलं! एकेक अक्षर तो पाटावर वाटी ठेवावी तसं ठेवत होता. मी म्हटलं, “घरची मंडळी बोलली तर कळत नाही, तुमचं कसं कळतं?”

“मी तुमची भाषा पुस्तकातून शिकलो, बाबा. प्रत्येक अक्षरापाशी थांबावं लागतं. त्यांना कशाला थांबावं लागेल?”

मग तो म्हणाला, जाडे आवाज राहतील, बारीक आवाज परत येणार नाहीत. औषध नाही.

 मी विचारलं, “माझ्या तोंडून तरी स निघतो का? मला कळत नाही.”

त्यानं माझाच हात माझ्या तोंडापुढे धरला. “म्हणा.”

म्हटलं. तळव्यावर बारीक, गार वारा लागला.

“आहे,” तो म्हणाला.

तिथून सरू कामाला आहे त्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात गेलो. बाहेर उभं राहिलं तरी जमीन थरथरते. आत बाया यंत्रांत कापूस टाकत होत्या आणि एवढ्या घरघरीत बोलत होत्या, हसत होत्या. सरू माझ्याकडे वळली. तिच्या तोंडून आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले. मला कळलं: भाऊ, जेवला काय?

सुटी झाल्यावर मी तिला विचारलं, एवढ्या आवाजात बोलणं कळतं कसं. ती म्हणाली, “इथं कोनालेच ऐकू येत नाई, भाऊ. आमी तोंड पाह्यतो. तू काऊन लोकाइच्या पायाकडं पाह्यतं? लाज वाटते काय?”

 खरं होतं ते.

परतीच्या प्रवासात सांगण्याजोगं एवढंच, की घाटापाशी हुरडा छान मिळतो. मी दाढा नसल्यानं खाल्ला नाही.

माघात सप्ताह बसला. दुपारची वेळ, देवळाचा दरवाजा उघडा. किसनबुवा दरवाज्याला पाठ करून बसतो, त्याची जागाच ती. उजेड मागून, चेहरा काळा. पोथी अजून तरी माझ्याच पुढ्यात होती, पण त्याचे ओठ दिसेनात. सांगावं तर अख्ख्या गावापुढे बहिरा ठरणार. न सांगावं तर तेच पुन्हा. मंडळी वाट पाहत होती. कुणीतरी खोकलं असावं, तोंडापुढे हात गेला.

मी म्हटलं, “किसन, इकडे उजेडात बस. मले ऐकू येत नाई.”

देऊळ गप्प झालं. निदान ओठ थांबले.

किसन उठला, उपरणं उचलून माझ्या बाजूला येऊन उजेडाकडे तोंड करून बसला. म्हणाला, “माहं थोबाड पाहून पोथी वाचनारा तूच पहिला बे!” हे त्यानं हळू म्हटलं असेल, पण मला पूर्ण दिसलं.

मी तळवा तोंडापुढे धरला आणि ओवी वाचली. जिथं स होता तिथं वारा लागला. किसननं अर्थ सांगितला. त्यातलं अर्धं मला कळलं नाही, ते आता कळणारही नाही. मी त्याच्या ओठांकडे पाहत राहिलो. ते हलले, हलले आणि मिटले.

मी थोडा थांबलो. मग पुढची ओवी घेतली.