यानकाकांची प्रवचनं आणि आमचे फ्रीझर

आम्ही कागद गोळा करायला बसलो होतो, किस्से आपोआप गोळा झाले. कागदांना छान पेट्या मिळाल्या, थंड खोली मिळाली. किस्से मात्र माझ्या डोक्यात कोंबलेत, आणि तिथे आधीच गर्दी. म्हणून इथे थोडे उतरवतो. पटले तर हसा, नाही पटले तर शालनला विचारा. शालन म्हणजे आमची ही. ती सगळं नाकारेल, म्हणजे समजा खरं आहे!

माझं शिक्षण नववी, तेही मागच्या बाकावरून. कराडला मांडवाचा धंदा केला. पोरगा मंदार कॉम्प्युटरमध्ये शिकला, जर्मनीत हॅनोव्हरला चिकटला आणि म्हातारपणी आम्हाला इकडे घेऊन आला. इथे मांडव घालायची सोय नाही, म्हणून मी लोकांना टोप्या घालतो.

*

इथल्या मराठी मंडळाला गणपतीसाठी हॉल मिळेना. जिथे जावं तिथे आधी आगीचे नियम, मग आवाजाचे नियम, मग ‘पार्किंगचं काय?’ शेवटी गाठ पडली यानकाकांशी.

यानकाका म्हणजे पास्टर यान. हॉलंडचा माणूस. तरुणपणी इकडे आला आणि एका लहानशा प्रार्थनामंडळीचा पुढारी होऊन इथेच म्हातारा झाला. खाली प्रार्थनेचा हॉल, वर बायकोसोबत बिऱ्हाड. आम्ही सगळे कागद, परवाने घेऊन गेलो. यानकाकांनी एकच विचारलं, “जेवण असणार का?”

त्यांच्या मंडळीतल्या एका आजोबांना ते रुचलं नाही. “आपल्या हॉलमध्ये ढोल? लोकांना काय वाटेल!”

यानकाका म्हणाले, “मी हॉलंडहून आलो तेव्हा माझं जर्मन तुम्हाला ढोलासारखंच वाटायचं. झाली ना सवय?”

 पुढे आरतीला सगळ्यात पुढे हे आजोबाच, आणि टाळ्या चुकीच्या ठेक्यात!

*

दोन वर्षांपूर्वी यानकाका गेले. मंडळीत उरलेले सगळे थकलेले. इमारत विकायची ठरली. त्यांची बायको मारायकेताई वृद्धांच्या घरात एका खोलीत जाणार. प्रश्न उरला केलरचा. केलर म्हणजे इथलं तळघर. त्यात एका बाजूला आमच्या गणपतीचं मखर आणि दुसऱ्या बाजूला यानकाकांचे कागद. ट्रंका, खोकी, पिशव्या. आयुष्यभराची प्रवचनं, पत्रं, टिपणं. माणसाने एक चिठोरं टाकलं नव्हतं.

मारायकेताई आम्हाला एवढंच म्हणाल्या, “बाकी काही नको. फक्त निळ्या डब्यात जायला नको.”

निळा डबा म्हणजे इथला रद्दीचा डबा. दिसायला गरीब, पण सगळं गिळतो.

चर्चच्या मोठ्या आर्काइव्हमधून, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या दफ्तरातून, डॉक्टर फोग्ट आले. उंच, सडपातळ, आवाज असा की माणूस जन्मापासून ग्रंथालयातच राहिलाय. म्हणाले, “आम्ही घेऊ. पण कागद कोरडे हवेत, स्वच्छ हवेत, लावलेले हवेत. तसे नसतील तर नाइलाज आहे.” जाता जाता मारायकेताईंना एक शब्द दिला, “तुमच्या सहीशिवाय यातलं काहीही बाद होणार नाही.”

मग बसलो आम्ही कामाला. मी, शालन, मारायकेताई आणि यानकाकांच्या मंडळीच्या जुन्या सेक्रेटरी फ्राऊ लिंडेमान, म्हणजे लिंडेमानबाई. या पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. होत्या कसल्या, अजून आहेत!

*

यानकाका कोरा कागद विकत घेत नसत. प्रवचन लिहायचं ते हाताला लागेल त्याच्या पाठीवर. सुपरमार्केटची जाहिरात, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, आमच्या गणपतीचं आमंत्रण.

फ्राऊ लिंडेमान शिस्तीच्या. पुढची बाजू बघायची आणि लावायचं. आठवडाभराने डॉक्टर फोग्ट तपासायला आले. एक जाड फाइल उघडली, वर लिहिलं होतं ‘बटाटे’.

“हे काय?”

“बटाट्यांच्या जाहिराती,” फ्राऊ लिंडेमान ताठ मानेने म्हणाल्या.

डॉक्टरांनी पान उलटलं. मागे क्षमेवरचं प्रवचन! पुढचं उलटलं, शेजाऱ्यावर प्रेम करा. सबंध धर्म बटाट्यांच्या पाठीवर बसला होता.

फ्राऊ लिंडेमान लालबुंद. मी डॉक्टरांना हळूच म्हटलं, “क्षमा करा हो त्यांना. हवं तर बटाट्यांत बघून करा.”

*

आर्काइव्हला लोखंड चालत नाही. गंजतं आणि कागद खातं. म्हणून प्रत्येक टाचणी, पिन, क्लिप काढायची. आणि पेन बंद, फक्त पेन्सिल. फ्राऊ लिंडेमान तर बोलणंही बंद म्हणायच्या.

आता मला गप्प बसवलं की माझे हात शिवशिवतात. त्यांचा गठ्ठा झाला की मी त्यातल्या वरच्या कोऱ्या कव्हराला गुपचूप एक नवी पिन मारायचो. त्या शेवटचं तपासायच्या आणि दचकायच्या. आल्झो म्हणजे आपलं ‘हे बघा’. “आल्झो! ही मी काढली होती!” चष्मा पुसायच्या, पिन काढायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायची भाषा करू लागल्या.

शालनने डोळे वटारले, “अहो, पुरे! त्या बिचाऱ्या वेड्या होतील.”

मी थांबलो. पण त्या दिवशी घरी जायला निघालो तर कोटात हात जाईना. दोन्ही बाह्या टोकाला पिना मारून बंद! फ्राऊ लिंडेमान दारात उभ्या, चेहरा प्रार्थनेसारखा. म्हणाल्या, “हेर अण्णा,” म्हणजे अण्णासाहेब, म्हणजे मी, “लोखंड गंजतं. सावकाश काढा.”

तेव्हापासून माझी त्यांच्यावर श्रद्धा आहे.

*

सगळं नीट चाललं होतं आणि एका रविवारी ढगफुटी झाली. केलरमध्ये पाणी. आमचं मखर तरंगत दारापर्यंत आलं, जणू विसर्जनाला स्वतःच निघालंय. वरच्या ट्रंका वाचल्या, खालची खोकी भिजली.

मारायकेताई जिन्यात उभ्या.  एकेक ओलं खोकं वर येताना बघत होत्या. ते बघवत नव्हतं.

मंदारने पंप आणून चालू केला. लगेच शेजारचे गृहस्थ हजर. “आज रविवार आहे! शांततेचा दिवस! पंप बंद करा.”

फ्राऊ लिंडेमाननी त्यांच्या हातात एक निथळता गठ्ठा ठेवला. “धरा. ही प्रवचनं भिजतायत.”

“कशावरची?”

बाईंनी वरचं पान वाचलं. “रविवारच्या विश्रांतीवरची.”

गृहस्थांनी गठ्ठ्याकडे बघितलं, पंपाकडे बघितलं. मग विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि बादली उचलली. पंप चालूच राहिला.

*

डॉक्टर फोग्टना फोन लावला. मला वाटलं म्हणतील, उन्हात घाला. ते ओरडले, “ऊन नको! हेअर ड्रायर नको! बुरशी धरायच्या आत गोठवा! पातळ पाकिटं करा, मध्ये बटर पेपर घाला, पिशवीत बांधा आणि फ्रीझरमध्ये टाका. नंतर आमच्या मशिनमध्ये ते गोठलेलेच वाळवू.”

शालन म्हणाली, “बटर पेपर घालून पिशवीत? म्हणजे पुरणपोळ्यांसारखंच की!”

पण रविवारी दुकानं बंद, मोठा फ्रीझर आणणार कुठून? मंदारने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ‘अर्जंट. फ्रीझरमध्ये जागा कुणाकडे आहे?’

जागा कुणाकडेच नव्हती! मराठी माणसाचा फ्रीझर इथे म्हणजे माहेर. खवलेला नारळ, आमरस, वाटणं, सोललेले वाल, आईने मागच्या खेपेला करून ठेवलेले मोदक. आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून सगळं.

मग एकच उपाय. खाऊन टाकायचं! ज्याने त्याने फ्रीझर रिकामा केला आणि आतलं सगळं हॉलमध्ये आणलं. चुली पेटल्या, म्हणजे हॉटप्लेटी. एकीकडे फ्राऊ लिंडेमान ओली पानं सोडवतायत, दुसरीकडे मोदक वाफेवर चढलेत. विद्यापीठात पीएचडी करणारी पोरं कुणी न बोलावता वासावर आली. शालननेही सगळं आणलं. निदान तिचं म्हणणं तसं होतं. एक पाकीट तिने मंदारसाठी मागे ठेवलंय, हे मला तेव्हाच माहीत होतं. पण संसार करायचा असतो.

संध्याकाळी डॉक्टर फोग्ट धावत आले. आले ते आधी कागदांकडे गेले, पाकिटं तपासली, मान डोलावली. मग कुणीतरी हातात ताट दिलं. दुसऱ्या वाढीला म्हणाले, “इतक्या वर्षांत पहिलीच आपत्ती, जिच्यात माझं वजन वाढलं.”

मारायकेताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

*

यानकाकांची प्रवचनं घरोघर गेली. एका घरी जावयाकडे सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. एके सकाळी त्यांनी फ्रीझर उघडला आणि जावयाला हाक मारली, “अहो, हे काय ठेवलंय?”

“पास्टरांची प्रवचनं आहेत, आई. धार्मिक कागद.”

सासूबाईंनी पाकीट उचललं, मधला कप्पा पुसला, त्यात ते एकटंच ठेवलं आणि वरच्या कप्प्यात नव्याने आणलेलं खिमा-मटण खाली हलवलं.

जावई म्हणाला, “आई, ते ख्रिस्ती होते. त्यांना चालतं.”

“त्यांना चालत असेल. पण शेजारी ठेवणारी मी आहे, मला चालत नाही!”

*

महिनाभराने आर्काइव्हची थंड गाडी घरोघर फिरून पाकिटं घेऊन गेली. आमच्याकडे दारावर मंदार होता. घरून काम म्हणजे कसं, कानात हेडफोन, तोंडाने “येस, येस, गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, आणि हाताने फ्रीझरमधलं पाकीट बाहेर. सही केली, दार लावलं, पुन्हा “येस, येस.”

पुढे बऱ्याच दिवसांनी मारायकेताई आमच्याकडे कॉफीला आल्या होत्या, तेव्हा डॉक्टर फोग्टचा फोन आला. स्पीकरवर घेतला.

“सगळं वाळलं. सगळं वाचता येतंय. बुरशी नाही,” ते म्हणाले. मारायकेताईंनी डोळे मिटले. “फक्त एक पाकीट. पानं अर्धगोल आहेत. पिवळसर. दोन्ही बाजूंना मजकूर नाही. कडेने... आल्झो... तूप.”

मी शालनकडे बघितलं. शालनने मंदारकडे बघितलं. मंदारने हेडफोन लावला.

आणि मग मारायकेताईंनीच विचारलं, “मग आमच्या कागदांचं पाकीट कुठे गेलं?”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मधल्या काळात आम्ही फ्रीझर दोनदा वरवर आवरला होता. वेष्टनं, खोकी, कागद सगळं बाहेर गेलं होतं. आणि इथे कागद बाहेर गेला म्हणजे कुठे जातो, ते सगळ्यांना ठाऊक. 

शालनने फ्रीझर उघडला. नारळ बाहेर, मेथी बाहेर, मटारची मोठी पिशवी बाहेर. आणि तळाशी, बर्फाने चिकटलेलं, जसंच्या तसं पाकीट!

तिने ते छातीशी धरलं. “सापडलं हो मारायकेताई! मटाराखाली होतं. सुखरूप आहे!” मराठीतच बोलली. त्यांना सगळं कळलं. मटकन खुर्चीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी. शालनही रडायला लागली, ती मात्र नुसतीच.

फोनवर डॉक्टर फोग्ट थांबलेच होते. “मग या दुसऱ्या पाकिटाचं काय करू? बाद करू का? तुमची सही लागेल.”

मारायकेताईंनी डोळे पुसले. “यान दर गणपतीला या पुरणपोळ्या दोन खायचा आणि तिसरी खिशात घालायचा. मी सही देणार नाही.”

 मग डॉक्टर फोग्ट म्हणाले, “बरोबर. नियम नियम आहे. तूप असल्यामुळे वेगळी पेटी द्यावी लागेल.”

*

या वसंतात आम्ही आर्काइव्ह बघायला गेलो. यानकाकांच्या पेट्या ओळीने, कोरड्या, नंबर घातलेल्या. बटाट्यांसकट. मारायकेताई प्रत्येक पेटीवरून हात फिरवत गेल्या. मी नेहमीसारखी बडबड केली नाही, हे शालनने नंतर मुद्दाम बोलून दाखवलं.

शेवटी त्यांनी वाचनखोलीत बसून एकच पेटी मागवली. वेगळी ठेवलेली.

तिथल्या बाईंनी पेटी आणून टेबलावर ठेवली. हातमोजे दिले. दबक्या आवाजात नियम सांगितले, “फक्त पेन्सिल. बोलायचं नाही. इथे खायला, प्यायला सक्त मनाई आहे.”

“गेनाऊ,” मारायकेताई म्हणाल्या आणि झाकण उघडलं. आम्हाला म्हणाल्या, “मला जरा एकटीला बसू द्या.”

आम्ही काचेबाहेर थांबलो. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. थोड्या वेळाने उठल्या, हातमोजे काढून नीट घडी घातली, पेटी परत केली. बाईंनी नियमाप्रमाणे आतली पानं मोजली. मग पुन्हा मोजली. मग सोबतचा कागद बघितला आणि डॉक्टर फोग्टना बोलावलं.

डॉक्टर फोग्टनी पेटीत बघितलं. मारायकेताईंकडे बघितलं. मग खिशातून पेन्सिल काढली, आकडा खोडला, नवा लिहिला आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

परतताना ट्राममध्ये मारायकेताई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. स्टेशन यायच्या आधी शालनच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी जायफळ थोडं जास्त.”