कोन कमी होईपर्यंत

रत्नाताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. "मॅडम, ताई गेली… झोपेतच गेली." तिच्या गावाहून, कारध्याहून, तिचा धाकटा भाऊ दिलीप बोलत होता. कित्येक वर्षं बहिणीशी न बोललेला माणूस. तिच्या मरणाचे फोन मात्र त्यालाच करावे लागले.

भंडाऱ्याजवळच्या वीज उपकेंद्रात आम्ही दोघी अभियंता. उच्चदाब लाइनीच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज एकाच तालात चढतं-उतरतं, पण एक टोक जरासं मागे असतं. किती मागे, ते पडद्यावर कोनात दिसतं. लाइन बंद पडली की हा कोन वाढतो, आणि वाढलेल्या कोनावर ती घाईनं जोडली तर असा हिसका बसतो की बाकीच्या लाइनीही बंद पडतात. रत्नाताईची नजर सदा त्या कोनावर, डबा खातानासुद्धा.

एका उन्हाळ्यात दुपारच्या वादळानं मोठी लाइन बंद पडली. उरलेल्या लाइनीवर भार येऊ नये म्हणून काही गावांची वीज कापावी लागली… त्यात कारधाही होतं. घरी तिचे वडील ऑक्सिजनच्या मशीनवर. दिलीपचा फोन आला.

"ताई, बाबाची मशीन बंद पडली! लाइन दे न!"

"सिलिंडर लाव, दिलीप."

"सिलिंडर सरला. तू काहून देऊन नाही राहिली?"

"कोन कमी होऊ दे रे… आत्ता नाही देता येत."

दूरच्या वीजनिर्मिती केंद्रांतला भार इकडेतिकडे करून कोन हळूहळू खाली आणला जात होता. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. तिनं ऐकला, ठेवला, पडद्याकडे पाहत राहिली. कोन मर्यादेत आला, लाइन जोडली, गावांना वीज गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा गेले… आता मी घरी जाऊ का?"

त्या दिवसापासून दिलीपनं बोलणं टाकलं. तीही समजवायला गेली नाही. कामात काही बदललं नाही. फक्त फोन वाजला की दचकायची.

परवा दिलीप उपकेंद्रात आला. "ताई कोठं बसे?" मी खुर्ची दाखवली. पडद्यावरचा हलता आकडा तो बराच वेळ पाहत राहिला. त्या दुपारी त्याच्या फोनसरशी लाइन जोडली असती तर सगळाच जिल्हा अंधारात गेला असता, बाबांची मशीनही सुरू झाली नसती, हे मी त्याला सांगितलं. त्या दुसऱ्या फोननंतर ती कशी बसून राहिली, तेही.

"म्हणजे लाइन आल्याबरोबर निघाली होती ती?"

"धावतच."

त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मी तं तिले दारातच अडवली, मॅडम… बाबाचं तोंडही पाहू नाही देलं."