दूध संपलं की कप सरकला

आमच्या पेटंट कचेरीत तिला सगळे भिंग म्हणायचे. तोंडावर भिंगताई, पाठीमागे नुसतंच भिंग. अर्जातल्या चित्रात एखादा स्क्रू चुकीच्या बाजूला काढलेला असला तरी तिच्या नजरेतून सुटायचा नाही. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून, मध्ये फक्त एक लोखंडी कपाट. अकरा वर्षं आम्ही असे शेजारी बसलो. आता सांगतोय त्यातलं अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं तिने मला नंतर, चहाच्या मशीनपाशी उभं राहून, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

आमचं काम तसं सोपं सांगता येतं. कुणीतरी येऊन म्हणतो, मी हे नवं शोधून काढलंय, याचा हक्क मला द्या. ते खरंच नवं आहे, की जगाच्या पाठीवर आधीच कुणी करून ठेवलंय, हे आम्ही हुडकायचं. पंप, झडपा आणि कॉम्प्रेसर आमच्या विभागाकडे. भिंगचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि ही शाळेतून आली की पाने हातात घेऊन त्यांच्यामागे उभी राहायची. पुढे इंजिनिअर झाली, चार वर्षं कॉम्प्रेसरच्या कारखान्यात काढली आणि मग परीक्षा देऊन इथे आली.

ती फाइल आधी माझ्याकडे आली होती, हे सांगून टाकतो. वर लिहिलं होतं, ‘अंगावर घालता येणारा व वापरणारीला संकेत देणारा स्तनपंप’. मी दोन चित्रं पाहिली आणि फाइल मिटली. साहेबांकडे जाऊन माझ्याकडे कामाचा किती ढीग पडलाय ते सांगितलं. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, “भिंगला द्या. तिला बरं समजेल.”

मी फाइल तिच्या टेबलावर ठेवली आणि साहेबांचं वाक्यही तसंच ठेवलं. तिने नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“मागच्या महिन्यात मी विहिरीचा पंप तपासला. तेव्हा विहिरीत उतरले होते का?”

“नाही.”

“मग हा मला बरा समजेल असं का वाटलं तुम्हा लोकांना?”

मी उगाच दात काढले आणि माझ्या झडपांच्या अर्जात डोकं खुपसलं.

ती वाचायला लागली. एरवी ती वाचायला बसली की दगडासारखी. त्या दिवशी मात्र अकराव्या पानाशी आली आणि उठली. खिडकीपाशी गेली, परत आली, बसली. पाणी प्यायला गेली. आली आणि पेन्सिलला टोक काढत बसली, ते मोडलं, पुन्हा काढलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचं बारावं पान काही उघडलं नाही. तब्येत बरी आहे ना, असं मी विचारलं तर म्हणाली, “तब्येतीला काय धाड भरलीय?”

अकराव्या पानावर काय होतं ते मी नंतर वाचलं. पंप साधाच होता, कपड्यांच्या आत बसणारा, वाटीएवढा. पण तो बोलायचा. दूध संपत आलं की एकदाच छोटी थरथर. कप जागेवरून सरकला आणि हवा आत शिरली की दोन लांब थरथरी. असं का करावं लागलं, ते खाली लिहिलं होतं: पुष्कळ स्त्रियांचं दूध थांबतं ते संपल्यामुळे नव्हे. कप मापाचा नसतो किंवा सरकलेला असतो, त्यामुळे ओढ कमी पडते. स्त्रीला मात्र वाटतं की आपलं दूधच संपलं.

नऊ वर्षांपूर्वी भिंगला मुलगी झाली, तेव्हा ती नोकरीत कायम झालेली नव्हती. दहा आठवड्यांनी ती कामावर परतली. जुन्या फायलींच्या खोलीत शेवटच्या रॅकमागे एक खुर्ची होती. तिथे बसून, दाराला आतून टेबल लावून, ती हाताच्या पंपाने दूध काढायची, आणि घरीही खोलीचं दार लावून तेच. बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. कामावर परतल्यानंतर तिसऱ्या महिन्यात तेही बंद झालं. तिची आई तेव्हा मदतीला येऊन राहिली होती, ती म्हणाली, “काहींना कमीच येतं बाई. जिवाला लावून घेऊ नकोस.” भिंगने ते मान्य करून टाकलं. पुढे कुणी विषय काढला की ती सांगायची, “मला दूधच नव्हतं,” आपली उंची सांगावी तशा आवाजात. आणि आता हे अकरावं पान.

दुसऱ्या दिवशी ती फाइल घेऊन साहेबांकडे गेली.

“ही दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“का? अर्जदार नात्यातले आहेत?”

“नाही.”

“त्या धंद्यात तुमचं काही गुंतलंय?”

“नाही.”

“मग?”

फाइल घेऊन ती परत आली आणि कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं की माझा पेनस्टँड आडवा झाला.

घरीही तिचा पाय एका जागी ठरेना. तिचा नवरा दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवतो, घरातल्याच मागच्या खोलीत त्याचं काम चालतं. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. तो साचा घासत होता. घासणं न थांबवता म्हणाला, “टोपी बसत नाही म्हणून पेशंट येतो, तेव्हा मी आधी माझी टोपी बघतो. दाताला दोष देत नाही.”

“हे तू मला नऊ वर्षांपूर्वी का नाही बोललास?”

आता मात्र त्याचा हात थांबला. “तू मला सांगितलंच नाहीस की काही बसत नाहीये म्हणून. दूध नाही म्हणालीस, मी पावडरीचा डबा आणून दिला.”

त्यात खोटं काही नव्हतं आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

रविवारी ती आईकडे गेली. आई भाजी निवडत बसली होती. भिंगने विचारलं, “आई, तेव्हा तो कप मला नीट बसत होता का गं?”

“कुठला कप?”

“दुधाचा. पंपाचा.”

आईने जरा वेळ आठवून पाहिलं. “मला काय ठाऊक? तू दार लावून घ्यायचीस.”

“आणि तू उघडायला नाही सांगितलंस.”

“तू रडत असायचीस आत. ते ऐकू यायचं.” आईने निवडलेली भाजी उगाच पुन्हा चाळली. “वाटलं, आत गेले तर आणखी रडशील.”

भिंग तिथून न जेवताच निघाली. बसमध्ये बसायला जागा होती, तरी दांडा धरून उभी राहिली.

पण कामाला ती चुकली नाही. आठवडाभर रोज शोध घेत होती. संकेत देणारे पंप सापडले, भरल्यावर दिवा लागणारे कप सापडले, पण सरकला आणि संपलं यांतला फरक ओळखणारं काही मिळेना. मला वाटलं, सुटली बिचारी, आता मंजूर करेल. पाचव्या दिवशी तिने एक जुना कागद माझ्यापुढे आपटला. तीस वर्षांपूर्वीचं पेटंट, परक्या भाषेतलं, पण चित्र स्वच्छ होतं. गायींचं दूध काढणारं यंत्र. धार आटली तर एक घंटा, कप सडावरून निसटला तर दुसरी.

“संपलं,” ती म्हणाली. “गायीसाठी केलेलं बाईसाठी केलं, एवढ्यावर पेटंट नाही देता येत.”

“तुम्हाला हे सापडायला नको होतं का?”

तो कागद दोन दिवस तिने पुस्तकाखाली दाबून ठेवला. पुस्तक उचलायची, कागद बघायची, पुन्हा ठेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या, पर्ससुद्धा खांद्यावरून न उतरवता, तिने आक्षेपाचं पत्र टाइप केलं आणि पाठवून दिलं.

दीड महिन्याने सुनावणी झाली. मी टिपणं घ्यायला बसलो होतो. अर्जदार बाई एका इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होती. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दिराच्या मदतीने तिने पंप बनवला होता. रात्रपाळी करून सरळ इकडेच आली होती, डोळे तांबारलेले. बरोबर वकील होता, इस्त्रीच्या घडीसारखा ताठ. त्याने सुरुवातच वरच्या पट्टीत केली.

“मॅडम, आश्चर्य वाटतं. एक स्त्री असून तुम्ही बाळंतिणीला गायीच्या रांगेत उभं करताय?”

भिंगचे कान लाल झाले. ती तोंड उघडणार तेवढ्यात परिचारिकाच म्हणाली, “वकीलसाहेब, थांबा जरा. मला सुचलं ते गोठ्यातच. माझ्या मामाची डेअरी होती. त्या दोन घंटा ऐकतच मी लहानाची मोठी झाले.”

वकिलाचा चेहरा असा पडला की मला टिपणवहीत बघावं लागलं.

भिंग पुढे वाकली. “मग तुम्ही नवं काय केलंत?”

“गाय एका जागी उभी असते, मॅडम. बाई कुठे उभी राहते?” परिचारिका हात हलवत सांगायला लागली. “पहिला पंप आमच्या वॉर्डातल्या झाडूवालीने लावला. बाळ चार महिन्यांचं तिचं. ती वाकली की पंप थरथरे, बादली उचलली की थरथरे. दुपारपर्यंत तिने काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, सिस्टर, हा तर माझ्या सासूपेक्षा जास्त टोकतो. मग आम्ही त्यात हालचाल ओळखणारा तुकडा घातला. बाई वाकली हे त्याला कळतं. तो चार श्वास थांबतो. ओढ परत आली तर गप्प बसतो. नाही आली, तरच सांगतो.”

भिंग भराभर पानं उलटत होती. “तेविसावं पान. इथे सगळं आहे. पण ज्यावर तुम्ही हक्क मागताय त्या दाव्यांत याचा एक शब्द नाही. का?”

आम्ही सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. तो म्हणाला, “दावा शक्य तितका रुंद ठेवायचा असतो, मॅडम.”

“इतका रुंद ठेवलात की त्यात अख्खा गोठा मावला. हे चार श्वासांचं आत घाला, मग मला पुन्हा बघू दे.”

वकिलाने मुदत मागितली. रुंद दावा सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं. परिचारिका म्हणाली, “मुदत कशाला? जे माझं आहे तेवढंच लिहा की.”

सुधारलेले दावे आले. भिंगने पुन्हा सगळा शोध घेतला, पहिल्यापेक्षा कसून, जणू काही सापडावं म्हणूनच. काही सापडलं नाही. पेटंट मंजूर झालं, अर्जात मागितलं होतं त्याच्या मानाने अगदी अरुंद, पण पक्कं.

कागद घ्यायला परिचारिका स्वतः आली. मी समोरच्या बाकावर बूट बांधत होतो. भिंग तिला जिन्यापाशी गाठून म्हणाली, “एक विचारू? हे कामाचं नाही.” आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पंप कसला होता, किती वेळ बसायची, किती दूध यायचं. “आणि डाव्या बाजूने सारखी फुसफुस व्हायची,” ती म्हणाली. हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं.

परिचारिकेने सगळं ऐकून घेतलं. “फुसफुस म्हणजे हवा जात होती. कप मोठा असणार.” मग म्हणाली, “पण बाई, नऊ वर्षांपूर्वीचं मी आज छातीठोक कसं सांगू? दहा आठवड्यांत कामावर, त्यात दाराला टेबल, धास्ती. त्यानेही थांबतं. कप असेल. नसेलही.”

“म्हणजे कळणार नाही.”

“आता नाही कळणार.” ती जिन्याच्या पायरीवर बसली, पाय दुखत असावेत. “मुलगी कशी आहे?”

“उंच झालीय. पोहते. उलट उत्तरं देते.”

“मग झालं तर.”

“नाही झालं,” भिंग म्हणाली. पण भांडल्यासारखं नाही. तीही पायरीवर बसली. “तेव्हा कुणीतरी माझं दार वाजवायला हवं होतं.”

परिचारिकेने होकारार्थी मान हलवली. लोक त्यांना वळसा घालून जिना चढत होते. मग परिचारिकेने घड्याळ पाहिलं आणि तीनची ड्यूटी आहे म्हणून उठली. भिंग तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेली. कचेरीची वेळ होती आणि साहेब दोनदा विचारून गेले. मी सांगितलं, एका पंपाच्या कामाला गेल्यात, वेळ लागेल.